सैल सांधे आणि ऑनलाइन व्यायाम: तिसऱ्या आठवड्यात गाडी पुन्हा पुन्हा का अडते?

पहिला आठवडा छान जातो. दुसऱ्या आठवड्यात हुरूप येतो, रोजच्या वीस मिनिटांची पस्तीस होतात. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवताना खुब्यात कळ येते, किंवा चहाचं पातेलं उचलताना मनगट साथ देत नाही. मग आठ दिवस विश्रांती, आठाचे पंधरा होतात आणि महिन्याभराने तोच प्रोग्राम पुन्हा 'दिवस पहिला' म्हणून सुरू. चार वर्षांत माझं हे चक्र सहा वेळा फिरलं. दरवेळी वाटायचं, प्रोग्राम चुकीचा निवडला. म्हणून दरवेळी नवा घेतला.

प्रोग्राम बदलून हा प्रश्न सुटत नाही. ज्यांचे सांधे जात्याच सैल आहेत त्यांच्या बाबतीत बिघाड बहुतेक वेळा ठरावीक जागांवर होतो, आणि त्या जागा पडद्यावरच्या प्रशिक्षकाला दिसत नाहीत. कुठे काय अडतं आणि मी त्यावर काय केलं, ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. ज्या फिजिओथेरपिस्ट ताईंकडे मी जाते त्यांच्याकडून शिकलेलं आणि स्वतःच्या वहीत नोंदवलेलं असं हे मिश्रण आहे.

आधी एक खात्री करून घ्या: सांधे खरंच सैल आहेत का? 'मी लवचिक आहे' आणि 'माझे सांधे सैल आहेत' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर यासाठी बेटन स्कोअर वापरतात. १९७३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका पाहणीतून तो पुढे आला. करंगळी मागे ९० अंशांपलीकडे जाते का, अंगठा वाकवून मनगटाच्या वर, कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर १० अंशांहून जास्त मागे जातं का, गुडघा तसाच जातो का, या चार गोष्टी दोन्ही बाजूंना तपासतात. पाचवी म्हणजे गुडघे सरळ ठेवून तळवे जमिनीला टेकणं. एकूण ९ गुण. एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोमच्या (शरीराला बांधून ठेवणाऱ्या ऊतींचा जन्मजात आजार) सैल सांध्यांच्या प्रकारासाठी २०१७ साली जे निकष ठरले, त्यांत वयात न आलेल्या मुलांसाठी ६, मोठ्यांसाठी ५ आणि पन्नाशीनंतर ४ गुणांची मर्यादा धरली आहे. वयाबरोबर सांधे थोडे आवळत जातात, म्हणून हा फरक. पण नुसत्या गुणांवरून आजाराचं निदान होत नाही. कितीतरी लोकांना ७-८ गुण असतात आणि कसलाही त्रास नसतो. शिवाय या चाचणीत खांदे, खुबे, घोटे आणि मान येतच नाहीत. माझा सगळ्यात त्रासदायक सांधा खांदा, आणि बेटनच्या यादीत त्याचं नावही नाही.

लहानपणी माझा अंगठा मागे वाकवून दाखवायला पाहुण्यांसमोर बोलवायचे. भरतनाट्यमच्या वर्गात 'हिचं अंग किती मोकळं आहे' म्हणून मला पुढच्या रांगेत उभं करायचे. तेव्हा शिकलेली एक गोष्ट मोठेपणी फार महागात पडली: जिथपर्यंत सांधा जातो तिथपर्यंत न्यायचा, म्हणजे ते 'बरोबर' झालं.

बिघाड पहिला: पडद्यावर सगळं बरोबर दिसतं

सैल सांध्याच्या माणसाची चूक चुकीसारखी दिसत नाही, ती उत्तम कामगिरीसारखी दिसते. प्लँकमध्ये हात अगदी सरळ, त्रिकोणासनात पाय ताठ, पुढे वाकल्यावर कपाळ गुडघ्याला. मोबाइलच्या छोट्या चौकटीतून पाहणाऱ्या प्रशिक्षकाला वाटतं, हिला सगळं जमतंय. एका थेट वर्गात मला माझ्या नावाने 'अजून खाली, तुम्हाला सहज जमेल' असं सांगितलं होतं. मी गेले. पुढचे दहा दिवस मांडीच्या मागे, बसतो त्या हाडाजवळ, ठणका होता.

यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. सांधा कुठपर्यंत जावा याचा लगाम दोन गोष्टींच्या हातात असतो, अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे पट्टे, लिगामेंट) आणि स्नायू. आपल्यापैकी अनेकांच्या अस्थिबंधांतलं कोलॅजन (त्यांना बळकटी देणारं प्रथिन) ढिलं असतं, त्यामुळे पहिला लगाम उशिरा लागतो. स्नायूंनी ते काम करायचं, पण कोपर किंवा गुडघा पूर्ण मागे नेऊन अडकवला की स्नायू काम सोडून देतात आणि सगळं वजन अस्थिबंधांवर लटकतं. व्यायाम झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात आपण सांध्यावर टांगलेलो असतो. भरीला, सांधा या क्षणी कुठे आहे हे मेंदूला कळवणारी जाणीव सैल सांध्यांत अनेकदा कमी असते. म्हणून गुडघा मागे गेलेला असूनही आपल्याला तो 'सरळ' वाटतो. 'सरळ ठेवा' ही सूचना आपल्याला उपयोगी नाही ती यामुळेच.

मी केलेले बदल असे.

कॅमेरा बाजूला ठेवा. समोरून कोपर आणि गुडघा मागे गेलेला दिसतच नाही. थेट वर्ग असेल तर आधीच सांगा की तुम्ही बाजूने दिसणार आहात. रेकॉर्ड केलेला असेल तर दुसरा मोबाइल खुर्चीवर ठेवून स्वतःचं एक मिनिटाचं चित्रण करा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा माझा गुडघा धनुष्यासारखा मागे वळलेला होता, आणि मला शपथेवर वाटत होतं की तो सरळ आहे.

उभं राहताना गुडघ्यांकडे न बघता तळपायांकडे लक्ष द्या. गुडघा अडकला की वजन टाचांवर जातं. अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या मुळाशी आणि टाचेवर असं तिन्ही ठिकाणी वजन सारखं आलं की गुडघा आपोआप जागेवर येतो. योगवर्गात 'गुडघ्याच्या वाट्या वर ओढा' असं सांगतात. आपण आधी गुडघा केसभर सैल सोडायचा आणि मग वाटी ओढायची. क्रम उलटा झाला तर गुडघा आणखी मागे जातो.

मार्जारासनात किंवा प्लँकमध्ये कोपरांचे आतले खळगे पूर्ण पुढे वळले असतील तर कोपर बहुधा अडकलेलं आहे. ते खळगे जरासे एकमेकांकडे वळवा आणि कोपर किंचित दुमडा. दंड लगेच थरथरायला लागतो, म्हणजे आता स्नायू कामाला लागला. दोन मिनिटांचा प्लँक धरणारी मी असं केल्यावर बारा सेकंदांवर आले. खरी ताकद तेवढीच होती, आणि सुरुवात तिथूनच करायची होती. मनगट दुखत असेल तर तळवा टेकण्याऐवजी मूठ टेका, किंवा जमीन सोडून स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकवून करा. ओट्याच्या उंचीमुळे हातांवर येणारा भार बराच कमी होतो.

आणि मान! कोणताच प्रोग्राम याबद्दल बोलत नाही. हात-गुडघ्यांवर असताना समोरच्या लॅपटॉपकडे बघायचं म्हणजे मान मागे मोडायची, आणि सैल मानेला ते फार जाचतं. वर्षभर मी व्यायामानंतरच्या डोकेदुखीचं कारण शोधत होते. आता व्हिडिओ आधी बसून एकदा बघते, मग पडद्याकडे पाठ करून नुसता आवाज ऐकत व्यायाम करते. जिथे शब्दांवरून काही कळत नाही, तिथे थांबवून बघते. डोकेदुखी गेली. नुसत्या दृश्यावर चालणारा, पाठीमागे गाणी लावलेला प्रोग्राम आपल्या कामाचा नाही, हे त्यातून कळलं.

जमिनीचंही सांगते. जाड, मऊ मॅटवर घोटा डुगडुगतो. फरशीवर सतरंजी सरकते. मोजे घालून तर नकोच. पातळ, न सरकणारी मॅट आणि अनवाणी पाय, एवढं पुरतं. अंगाला घट्ट बसणारी लेगिंग किंवा नी-कॅप घातल्यावर सांधा कुठे आहे ते जास्त चांगलं कळतं असा माझ्यासारख्या अनेकींचा अनुभव आहे. त्वचेवरच्या दाबाने मेंदूला जास्तीची खबर मिळते.

बिघाड दुसरा: स्ट्रेचिंगने बरं वाटतं आणि संध्याकाळी दुखतं

सैल सांध्याच्या माणसाला अंग सतत आखडल्यासारखं का वाटतं, हे मला कित्येक वर्षं कोडं होतं. तळवे जमिनीला टेकतात, तरी मांडीची मागची बाजू ताठ. ताईंनी ते उलगडलं. सांधा सैल आहे म्हणून आजूबाजूचे स्नायू दिवसभर त्याला घट्ट धरून बसतात आणि थकतात. तो थकवा आपल्याला 'आखडणं' वाटतो. मग आपण ताण देतो, पहारेकरी क्षणभर बाजूला होतो, बरं वाटतं. सांधा उघडा पडतो आणि तासाभराने स्नायू पहिल्यापेक्षा घट्ट आवळतात.

आता आखडल्यासारखं वाटलं की मी तो स्नायू ताणत नाही, त्याला हलकं काम देते. मांडीची मागची बाजू धरली असेल तर पाठीवर झोपून, पाय दुमडून, कंबर हळूहळू उचलायची आणि तितक्याच सावकाश खाली आणायची. सहा वेळा. किंवा टाच जमिनीत दाबून पाच मोजायचे आणि सोडायचं. दहापैकी आठ वेळा एवढ्याने भागतं. उरलेल्या दोन वेळा गरम पाण्याची पिशवी.

स्ट्रेचिंग कायमचं बंद करा असं मी म्हणत नाही. खांद्याच्या पुढचे स्नायू, पोटरी, अशा काही जागा आपल्यातही खरोखर आखूड असू शकतात. पण त्या कोणत्या, हे हात लावून तपासणाऱ्या माणसाने ठरवावं. पडद्यावरून ते कळत नाही.

बिघाड तिसरा: दुखणं उशिरा येतं, म्हणून हिशोब चुकतो

माझ्या मते खरी मेख इथे आहे. व्यायाम करताना काहीच दुखत नाही. दुखतं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कधी तिसऱ्या दिवशी. तोवर आपण प्रोग्रामच्या वेळापत्रकाप्रमाणे पुढचे दोन दिवस करून मोकळे झालेले असतो. दुखणं सोमवारच्या व्यायामाचं, आणि दोष बुधवारच्या व्यायामाला. ऑनलाइन प्रोग्राम हे निरोगी नवशिक्यासाठी आखलेले असतात. त्यांत दर आठवड्याला वजन, वेळ आणि नवे प्रकार असं तिन्ही एकदम वाढतं. स्नायू काही आठवड्यांत ताकद दाखवू लागतो, अस्थिबंध आणि स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारे दोर, टेंडन) मात्र त्याहून बरेच सावकाश बदलतात. तिसऱ्या आठवड्यातल्या हुरुपाचं आणि दुखण्याचं गणित या तफावतीत आहे.

यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे वही. साधी शंभर पानी. दर व्यायामाला एक ओळ: काय केलं, किती वेळा. आणि पुढे दोन रिकामे रकाने, 'उद्या सकाळ' आणि 'परवा सकाळ'. ते दोन्ही भरल्याशिवाय तो प्रकार पुन्हा करायचा नाही. यामुळे आपोआप आठवड्यातून तीनच दिवस व्यायाम होतो. तीन पुरतात.

रकान्यात दहापैकी आकडा लिहायचा आणि दुखण्याची जात लिहायची. दोन्ही बाजूंना, स्नायूच्या मांसल भागात, दाबल्यावर दुखणारं आणि दोन-तीन दिवसांत विरणारं दुखणं व्यायामाचं असतं. त्याला घाबरायचं नाही. एकाच बाजूला, सांध्याच्या रेषेत, टोचणारं, सूज आणणारं किंवा 'सटकल्यासारखं' वाटणारं दुखणं सांध्याचं. ते आलं की त्या सांध्याचा तो प्रकार मागच्या पायरीवर न्यायचा, बाकीचे चालू ठेवायचे. पूर्वी मी मनगट दुखलं की सगळाच व्यायाम बंद करायचे. मनगट दुखतंय म्हणून पायांचा व्यायाम का थांबवावा?

वाढवायचं कधी? दोन आठवडे रकाने शांत राहिले की एकच गोष्ट वाढवायची. एक तर वेळा, नाहीतर वजन, नाहीतर नवा प्रकार. मी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीने सुरुवात केली. तिथून दोन किलोच्या डंबेलपर्यंत यायला सात महिने लागले. या काळात वही नसती तर मी तिसऱ्या आठवड्यातच दोन किलो उचलले असते, कारण उचलता येत होते.

पण वाढवायचंच नाही, असंही करू नका. सैल सांधेवाल्यांना 'जपून राहा, वजन उचलू नका' असं सरसकट सांगितलं जातं. डेन्मार्कमध्ये सैल खांद्यांच्या १०० जणांवर केलेला एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. १६ आठवडे एका गटाने जड वजनांनी, टप्प्याटप्प्याने वाढवत व्यायाम केला, दुसऱ्याने हलक्या. खांद्याच्या रोजच्या त्रासात जड गटाला जास्त फरक पडला. किरकोळ कुरबुरीही त्याच गटात जास्त होत्या, आणि तो व्यायाम एकट्याने पडद्यासमोर केलेला नव्हता, देखरेखीत होता. माझ्यासाठी त्याचा अर्थ एवढाच: जड उचलणं हे ध्येय असू शकतं, घाई असू शकत नाही. घरच्या घरी करण्यालाही आधार आहे. ग्लासगोच्या संशोधकांनी २००४ साली दाखवलं होतं की आठ आठवड्यांच्या घरगुती व्यायामाने सांध्याची जाणीव सुधारते आणि दुखणं कमी होतं.

बायकांसाठी एक जास्तीचा रकाना: पाळीची तारीख. पाळीच्या आधीचे काही दिवस सांधे जास्त सटकतात असं अनेकींना जाणवतं. माझ्या वहीत सहापैकी चार बिघाड त्याच दिवसांतले निघाले. त्या आठवड्यात मी वाढवत नाही, एवढंच.

बिघाड चौथा: उभं राहिलं की गरगरतं

सैल सांध्यांबरोबर बऱ्याच जणांना उभं राहिल्यावर छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास असतो. झोपलेल्या स्थितीतून उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडीचे ठोके मिनिटाला ३० किंवा जास्त वाढून टिकून राहत असतील आणि रक्तदाब मात्र पडत नसेल, तर डॉक्टर पॉट्सचा (POTS, उभं राहिल्यावर ठोके अवाजवी वाढण्याचा विकार) विचार करतात. किशोरवयात ही मर्यादा ४० आहे. अशा वेळी जागेवर उड्या, उठाबशा, सूर्यनमस्कार यांनी सुरू होणारा प्रोग्राम आपल्याला पाच मिनिटांत गारद करतो, आणि आपण समजतो की स्टॅमिना नाही.

प्रोग्राम उलटा करा. शेवटचा झोपून करायचा भाग आधी, मग बसून, उभ्याचा सगळ्यात शेवटी आणि थोडा. सूर्यनमस्कारात डोकं दर काही सेकंदांनी खाली-वर होतं, म्हणून ते मी अजून परत सुरू केलेले नाहीत. रथसप्तमीला घरात सगळे बारा घालतात तेव्हा मी पाठीवर झोपून माझे सहा सेतुबंध करते. पाणी आधी प्या. मीठ वाढवण्याचा सल्ला काहींना दिला जातो, पण उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो घातक ठरू शकतो, त्यामुळे ते डॉक्टरांना विचारूनच.

कधी ऑनलाइन बंद करून थेट डॉक्टरांकडे

सांधा पूर्ण निखळला, हातापायात मुंग्या किंवा कमजोरी राहिली, लघवी-शौचावरचा ताबा बदलला, शुद्ध हरपली, छातीत किंवा पोटात अचानक तीव्र दुखलं, तर वाट बघू नका. कुटुंबात कुणाची रक्तवाहिनी तरुण वयात फुटली असेल तर व्यायाम सुरू करण्याआधीच तसं सांगा. एहलर्स-डॅनलॉसचा एक दुर्मीळ प्रकार रक्तवाहिन्यांचा असतो आणि त्याचे नियम पूर्ण वेगळे आहेत.

पुन्हा सुरू करताना

खंड पडणारच. पाहुणे, लग्नसराई, ताप, मुलांच्या परीक्षा. मी दरवेळी 'दिवस पहिला' पासून सुरू करायचे, आणि दिवस पहिला हा बहुतेक प्रोग्राममध्ये ताकद जोखणारा, भरपूर वेळा करायला लावणारा असतो. म्हणजे सगळ्यात कमकुवत दिवशी सगळ्यात जड परीक्षा. आता वहीतली शेवटची शांत ओळ शोधते आणि तिच्या निम्म्यावर सुरू करते. दहा वेळा होतं तर पाच. आठवडाभराहून कमी खंड असेल तर तेवढंही कमी करायचं नाही, फक्त दोन वेळा कमी. ताप येऊन गेला असेल तर ताप उतरल्यावर आठवडाभर फक्त चालणं.

पैसे भरण्याआधी प्रशिक्षकाला एक निरोप पाठवा. उत्तर काय येतं यावरून प्रोग्राम घ्यायचा की नाही ते ठरतं. माझा निरोप हा, हवा तर उचला:

'नमस्कार. माझे सांधे गरजेपेक्षा सैल आहेत. खांदा पूर्वी दोनदा निखळला आहे. मला लवचिकता वाढवायची नाही, ताकद वाढवायची आहे. मी बाजूने कॅमेरा लावेन. कोपर किंवा गुडघा मागे गेलेला दिसला तर कृपया लगेच टोका. "अजून खाली" असं मला सांगू नका. प्रत्येक प्रकाराची झोपून किंवा बसून करायची सोपी पायरी मिळेल का? आणि दुखलं तर मधले दोन आठवडे मागच्या पायरीवर राहिले तर चालेल का?'

तिघांना पाठवला होता. एकांचं उत्तर आलं नाही. दुसऱ्यांनी लिहिलं, 'काळजी करू नका, महिन्याभरात सगळं ठीक करून देतो.' तिसऱ्या बाईंनी उलट विचारलं, 'खांदा कोणता, आणि निखळला तेव्हा हात कुठल्या स्थितीत होता?' त्यांच्याकडे मी आता चौदा महिने आहे.